दुकानदारांशी माझे घरोब्याचे संबंध

सोमवार, ४ मार्च

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागच्या वेळी मध्येच थांबली, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय.

ऑफिसच्या त्रैमासिकात माझा लेख आला. ‘माझं शहर, माझी दुकानं.’ शेवटचं पान, पण अख्खं. फोटो जुना वापरलाय, त्यात मी दचकलेला दिसतो. बाकी छपाई ठीक.

वाचून मलाच भरून आलं. मॉल आणि ऑनलाइन खरेदीला चांगलं झोडपलंय. मग माझी चार लाडकी दुकानं. पेनवाले काका मला पाहताच दौतीचं झाकण उघडतात. टेलरला माझी मापं तोंडपाठ. पुस्तकवाल्या बाई नवीन काही आलं की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. आणि घड्याळवाल्यांशी गप्पा मारताना वेळ कसा जातो ते आम्हा दोघांनाही कळत नाही.

हे सगळं तत्त्वतः खरं आहे. तपशिलात थोडं इकडेतिकडे. या चारही दुकानांवरून मी वर्षानुवर्षं रोज चालत जातो. काचेतून जो जिव्हाळा निर्माण होतो तो आत गेल्यावर टिकेलच असं नाही. शिवाय मी विमा कंपनीत, जोखीम विभागात आहे. छोटं दुकान, आत आपण एकटेच गिऱ्हाईक, आणि समोरचा माणूस डोळ्यांत बघून विचारतो, काय हवंय. यातला धोका चारचौघांना दिसत नाही. मला दिसतो. म्हणून खरेदी सध्या फोनवरून करतो. तात्पुरती.

दुपारी, ऑफिसात

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलंय. मॅडम बदली होऊन आल्यापासून मला एकदाच हाक मारली आहे, तीही दुसऱ्याच्या नावाने. आत जाण्यापूर्वी टेबल आवरून ठेवलं, डबा पिशवीत टाकला. न जाणो.

संध्याकाळी, घरी

विसरण्याआधी लिहितो.

मॅडमना लेख आवडला. मी बसलो. मग त्या वडिलांबद्दल बोलायला लागल्या. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचं स्वतःचं बटणांचं दुकान होतं. बटणं, दोरे, लेस, तसलं. आई गेल्यावर दुकान बंद करून मॅडमनी त्यांना इथे आणलं. आता ते दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत बसतात. कोणाशी बोलत नाहीत. जेवायला बोलावलं तर येतात, उठा म्हटलं तर उठतात. मॉलमध्ये नेलं होतं. तिथे म्हणे बाकावर बसले आणि दुकानदार कुठे आहे म्हणून विचारत राहिले.

मग मॅडमनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर त्या मॅडम वाटेनात, कोणाची तरी मुलगी वाटायला लागल्या. त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

म्हणाल्या, “तुमच्या दुकानांपैकी एखाद्या ठिकाणी त्यांना थोडा वेळ बसू देतील का हो? नुसतं बसू देतील का?”

मी काय म्हणालो ते मला स्पष्ट आठवतंय. मी म्हणालो, मॅडम, चारही दुकानं आपलीच समजा.

या शनिवारी अप्पांची दाताची अपॉइंटमेंट आहे. म्हणून पुढच्या शनिवारी, सोळा तारखेला, मी अप्पांना घेऊन जायचं.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी लवकर उठलो. चहा घेतला. प्लॅन तयार.

चारही दुकानांत सोळाच्या आत ओळख पक्की करायची. मुळात ती आहेच, फक्त दुसऱ्या बाजूला कळवायचं राहून गेलंय. एका दिवसाला एक दुकान. आत जायचं, आत्मविश्वासाने दोन वाक्यं बोलायची, बाहेर पडायचं. शनिवारी मला पाहताच ते आपोआप म्हणतील, या या.

हिला सांगितलं. हिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की आत जाऊन सरळ सांगावं, सोबत एक म्हातारे गृहस्थ येणार आहेत, त्यांना घटकाभर बसू द्या. नाही म्हणायला कोणी राक्षस नाहीत.

बायकांना जोखीम समजावणं कठीण. सरळ सांगायचं म्हणजे आधी ओळख नाही हे कबूल करायचं. म्हणजे लेख खोटा. म्हणजे मी खोटा. म्हणजे मॅडम. नको.

बुधवार, ६ मार्च

पेनवाले काका. सोप्यापासून सुरुवात.

तयार केलेलं वाक्य: ‘काय काका, काय म्हणताय? नेहमीची शाई द्या.’ ऑफिसच्या जिन्यात म्हणून बघितलं. आवाज चांगला लागला होता.

दाराला घंटी आहे हे काचेतून दिसत नाही. दार ढकलताच डोक्यावर खणखणली. माझ्या तोंडून आधी ‘अरे बापरे’ गेलं. काकांनी वर पाहिलं. मी म्हणालो, नेहमीची शाई. त्यांनी विचारलं, नेहमीची म्हणजे कुठली. मी म्हणालो निळी. त्यांनी माझ्यापुढे निळ्या रंगाच्या बाटल्यांची रांगच लावली आणि शांतपणे माझ्याकडे बघत राहिले. त्या शांतपणाचा मला अंदाज नव्हता. नुसतं बघतोय, असं सांगून बाहेर पडलो. बाहेर पडतानाही घंटी वाजली.

निष्कर्ष: संवाद झाला. काकांनी स्वतः सगळा माल काढून दाखवला, हा काही थोडका जिव्हाळा नव्हे. पहिलं दुकान पूर्ण.

गुरुवार, ७ मार्च

टेलर. इथे वस्तू घेऊन जायची, म्हणजे मधे काहीतरी राहतं आणि थेट सामना होत नाही. तपकिरी पँट घेतली. तिला काही झालेलं नव्हतं. तिचे पाय आखूड करायला सांगायचं ठरवलं.

टेलर पँट बघून म्हणाला, घालून दाखवा. पडद्यामागे गेलो, घातली, बाहेर आलो. तोंडात टाचण्या असल्यामुळे तो बोलत नाही, नुसता हुंकार देतो. त्यातला होकार कुठला आणि नकार कुठला हे कळायला मार्ग नाही. तो टेप घेऊन जवळ आला तसं मी पोट आत ओढलं. श्वास धरला. त्याने गुडघ्यावर बसून खडूने खूण केली. मग टाचण्या काढून, बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, साहेब, श्वास सोडा, तुमचा चेहरा निळा पडलाय.

मी पँट तिथेच बदलून, पैसे आगाऊ देऊन निघालो.

तरीही: त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली. दुसरं दुकान पूर्ण.

शुक्रवार, ८ मार्च

विश्रांती. सलग ताण चांगला नाही.

मॅडम पॅसेजमध्ये भेटल्या. अप्पांनी काल विचारलं म्हणे, सोळा तारखेला कोणता वार. आपणहून काही विचारण्याची ही कित्येक आठवड्यांत पहिलीच वेळ. मॅडमचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, शनिवार. मग लक्षात आलं, त्यांना माहीत होतं.

डबा खाल्ला नाही.

शनिवार, ९ मार्च

पँट घेऊन आलो. धावतपळत, त्यामुळे तपासली नाही.

मग पुस्तकवाल्या बाई. बाई उंच आहेत आणि हळू बोलतात. हळू बोलणाऱ्या माणसांची मला नेहमीच भीती वाटते. दुकानात शिरलो. आत मी एकटाच. त्यांनी विचारलं, काय देऊ. ठरवलेलं वाक्य होतं, ‘माझ्यासाठी काही बाजूला काढून ठेवलंय का?’ ते अर्धंच बाहेर आलं: माझ्यासाठी. त्या म्हणाल्या, तुमच्यासाठी काय? मी हाताजवळचं पहिलं पुस्तक उचललं आणि म्हणालो, हे.

गर्भारपणात आहार कसा घ्यावा, असं पुस्तक होतं.

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. मुलीसाठी का, म्हणून विचारलं. मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, तो बाहेरगावी शिकतो. मी मान हलवली. कितवा महिना, असंही विचारलं. मी पुन्हा मान हलवली. त्यांनी पुस्तक स्वतः कागदात बांधून दिलं आणि म्हणाल्या की काळजी करू नका, पहिल्या वेळी सगळेच घाबरतात, तुम्ही तर फारच घाबरलेले दिसता.

पुस्तक कपाटावर, सुटकेसच्या मागे ठेवलंय. हिच्या हाती लागता कामा नये.

तिसरं दुकान पूर्ण. इथे तर कौटुंबिक पातळीवर ओळख झाली.

रविवार, १० मार्च

पँट घालून बघितली. घोट्याच्या चांगलीच वर. आधी वाटलं टेलर चुकला. मग लक्षात आलं, पोट आत ओढल्यावर पँट खाली घसरली होती, आणि त्याने तिथून खूण केली. आता पोट पुन्हा जागेवर आलंय, पँटही वर गेलीय.

ही म्हणाली, पाणी साचलंय का बाहेर.

सवय म्हणून आजपासून हीच, आणि शनिवारीही हीच घालणार. टेलरशी संबंधांचा पुरावा म्हणून.

सोमवार, ११ मार्च

घड्याळवाले. शेवटचं दुकान आणि सर्वांत जोखमीचं.

दुकान म्हणजे भिंतीतलं कपाटच. तीन बाजूंना घड्याळं, मधे ते, डोळ्याला भिंग लावून वाकलेले. लेखात मी लिहिलंय की आम्ही तासन्‌तास बोलतो. प्रत्यक्षात त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. घाईने आत घुसणं बरोबर नव्हतं. समोरच्या फुटपाथवर, चहाच्या टपरीपाशी उभा राहून आधी निरीक्षण केलं. त्यांनी एकदा मान वर केली. भिंग डोळ्यालाच होतं. रस्त्यापलीकडून तो एक मोठा डोळा थेट माझ्यावर रोखलेला. मी टपरीमागे झालो.

उद्या आत जाईन.

मंगळवार, १२ मार्च

निरीक्षण चालू. आज उन्हाचा गॉगल लावला होता, म्हणजे मला त्यांच्या डोळ्यात बघावं लागणार नाही. टपरीवाल्याने विचारलं, कोणाची वाट बघताय का. मी म्हणालो, तसंच काहीसं.

घड्याळवाल्यांनी आज दोनदा वर पाहिलं. ओळख वाढतेय. उद्या नक्की.

बुधवार, १३ मार्च

विचित्र. मी टपरीपाशी पोचलो तसं घड्याळवाल्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं. ऐन संध्याकाळी, गिऱ्हाइकाच्या वेळेला. आतले त्यांचे पाय मात्र दिसत होते. मी रस्ता ओलांडावा म्हणून फुटपाथवरून उतरलो, तर पाय मागे सरकले.

बहुतेक लवकर बंद करायचं असेल. वय झालंय त्यांचं.

गुरुवार, १४ मार्च

आज टपरीशेजारी पोलिस उभा होता.

मी नेहमीप्रमाणे चहा घेतला, गॉगल लावला, निरीक्षण सुरू केलं. पोलिस सावकाश चालत जवळ आला आणि विचारलं, इथे रोज काय करता. तोंडून निघालं, नुसतं बघतोय. तो म्हणाला, तेच विचारतोय, काय बघताय. मी म्हणालो, दुकान. तो म्हणाला, कशासाठी. तेव्हा मी म्हणालो की मी जोखीम विभागात आहे आणि हे दुकान किती सुरक्षित आहे याचा अंदाज घेतोय.

हे बोलायला नको होतं.

त्याने ओळखपत्र मागितलं, नाव-पत्ता लिहून घेतला, कोणत्या मजल्यावर राहता तेही विचारलं. मी न विचारता घराला कुलूप कुठलं आहे तेही सांगून टाकलं. का, माहीत नाही. पुन्हा इथे दिसलात तर बरं होणार नाही असं म्हणून तो गेला. मीही गेलो, उलट्या दिशेने. एका दुकानाच्या आरशात स्वतःला पाहिलं: गॉगल, कपाळावर घाम, आखूड पँट. कोणीही घाबरलं असतं.

घरी आल्यावर दाराला आतून दोन्ही कड्या लावल्या. बेल दोनदा वाजली. एकदा दूधवाला होता. एकदा शेजारची.

शुक्रवार, १५ मार्च

सकाळी

निर्णय: आजारी पडायचं. ताप. उद्याचा सगळा प्रश्न मिटेल आणि कोणाचं मनही दुखावणार नाही. ऑफिसला कळवलं. आवाज खोल काढला.

मॅडमचा लगेच फोन. विश्रांती घ्या, काळजी घ्या, असं सगळं म्हणाल्या. मग म्हणाल्या की अप्पांना कसं सांगावं कळत नाहीये. त्यांनी काल शर्ट स्वतः इस्त्री केला. न्हाव्याकडे न्यायला लावून दाढी करून घेतली. सकाळपासून काठी दाराशी आणून ठेवली आहे. मी सांगते त्यांना, म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

ही समोर उभी होती, फोनवरचं सगळं ऐकलेलं. हिने थर्मामीटर बघितलं आणि परत डबीत ठेवलं. ही सहसा रागावत नाही. आजही आवाज चढवला नाही.

“तुम्हाला भीती वाटते, ते मी लग्नापासून बघतेय. वाटू दे. पण त्या म्हाताऱ्या माणसाने दाढी केलीय.”

आणि आत निघून गेली.

दुपारी

मॅडमना फोन करून सांगितलं, ताप उतरला.

शनिवार, १६ मार्च

सकाळी

छातीत धडधड. पँट आखूड. तरी प्लॅन आहे: पेन, टेलर, पुस्तकं भराभर उरकायची, घड्याळवाल्यांच्या रस्त्याला आज काम चालू आहे असं सांगायचं, आणि दुपारच्या आत अप्पांना घरी पोचवायचं.

संध्याकाळी

क्रमाने लिहितो. न लिहिल्यास उद्या मला वेगळं आठवेल.

अप्पा लहानखुरे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. माझ्याकडे, मग माझ्या पँटकडे पाहिलं. वाटेत ते बोलले नाहीत. मी मात्र सतत बोलत होतो. हवेवर, विम्यावर, फुटपाथच्या फरशांवर.

पेनवाले काका. घंटी वाजली. मी दचकलो, अप्पांनी वर बघून ती घंटी नीट न्याहाळली. मी म्हणालो, काका, ओळखलंत ना. काका हो हो म्हणाले. नवी पॉलिसी काढा म्हणून घरी येणाऱ्या एजंटला मी स्वतः ज्या आवाजात हो हो म्हणतो, तो आवाज होता. मग अप्पांनी काकांना विचारलं, दुकान किती वाजता उघडता? काकांनी सांगितलं. अप्पा म्हणाले, आमचंही तेव्हाच उघडायचं. झालं. दोघे बोलायला लागले. माल कोण आणतं, शाळा सुरू होताना गर्दी कशी व्हायची, पोरं आता पेनाने लिहीत नाहीत, पोरांची बटणं आता तुटत नाहीत. मी शाईच्या बाटल्यांपाशी उभा. काकांनी अप्पांना स्टूल दिलं. मला वाट दिली, म्हणजे मी त्यांच्या मधे उभा होतो, बाजूला व्हा म्हणाले.

टेलर. माझ्या आधी त्याला पँटच दिसली. तोंडात टाचण्या नव्हत्या. तो अप्पांना म्हणाला, मी खुणेवरच कापली, पण हे साहेब तेव्हा श्वास घेत नव्हते. अप्पांनी वाकून पँटचा काठ उलटून बघितला. आत कापड ठेवलंय, खाली सोडता येईल, असं त्यांचं दोघांचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. अप्पांनी त्याच्या बटणांच्या डब्यात हात घातला आणि बराच वेळ बोटांनी बटणं चाळत बसले. टेलर मशीन चालवत राहिला. कोणीच बोललं नाही. मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

पुस्तकवाल्या बाई. दारातच, हळू आवाजात, मुलगी कशी आहे? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी त्यांना माझ्या घरी कोण कोण आहे ते सांगितलेलं असणार. मी म्हणालो, ठीक आहे. बाईंनी विचारलं, खातेय ना नीट? मी म्हणालो, हो. मग बाई अप्पांकडे वळल्या आणि म्हणाल्या, आजोबा, म्हणजे तुम्ही पणजोबा होणार. मला वाटलं, आता इथेच चक्कर येऊन पडावं. अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, होईल तेव्हा खरं. आणि बाईंना विचारलं, मोठ्या अक्षरातली पुस्तकं कुठे असतात.

बाहेर आल्यावर त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाले, ते चौथं दुकान, घड्याळवाल्यांचं. मी म्हणालो, रस्त्याचं काम चालू आहे. ते म्हणाले, समोर तर दिसतंय.

दिसत होतं. वळणावरून मी त्यांना नको त्या गल्लीत आणलं होतं.

घड्याळवाल्यांनी मला पाहिलं आणि शटर खाली ओढलं, अर्ध्यावर. पोलिस कुठे दिसतोय का म्हणून मी आजूबाजूला बघत होतो, तोवर अप्पा काठी टेकत पुढे गेले, वाकले, आणि शटरखालून आत शिरले. या वयात. मी फुटपाथवर. आतून घड्याळवाल्यांचा आवाज आला. पातळ, कापरा आवाज. इतकी वर्षं मला वाटायचं तो घोगरा असेल. ते अप्पांना घाईघाईने सांगत होते की बाहेरचा तो माणूस आठवडाभर दुकानावर पाळत ठेवून आहे, काळा चष्मा लावून येतो, पोलिसांत सांगितलंय, पण झोप लागत नाही, बायको म्हणते दुकानच बंद करा.

माझ्यामुळे.

मला कोणी घाबरतं, ही माहिती नवीन होती. अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही. आत एक म्हातारा माणूस थरथरतोय आणि बाहेर मी थरथरतोय, मधे एक पत्रा.

मग अप्पांचा आवाज. शांत. सकाळपासून ते सगळ्या दुकानांत याच आवाजात बोलत होते.

“घाबरू नका. ते माझ्याबरोबर आहेत.”

थोड्या वेळाने शटर वर गेलं.

मी आत गेलो नाही. म्हणालो, तुम्ही बसा, मी इथे बरा आहे. तसा मी तिथे बराच वेळ उभा राहिलो, पाठ दुकानाकडे करून, म्हणजे बघतोय असं वाटू नये. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. काय ते कळत नव्हतं. मधेच हसल्याचा आवाज आला. दोघांपैकी कोणाचा, ते सांगता येणार नाही. मॅडमना मात्र मी सांगितलं, अप्पांचा.

परत येताना एका बाकावर बसलो. अप्पा दमले होते. ते समोर बघत बोलले. पूर्ण लिहून ठेवतो.

“माझ्या दुकानासमोर एक गृहस्थ रोज थांबायचे. काचेतून बटणं बघायचे. वर्षानुवर्षं. मी मान वर केली की निघून जायचे. मला वाटायचं, यायचं असेल तर येतील आत. एकदा हाक मारायला हवी होती. मग ते यायचे बंदच झाले.”

मी विचारलं, कोण होते. अप्पा म्हणाले, तेच तर.

मी विम्याबद्दल काहीतरी बोललो.

रविवार, १७ मार्च

दिवसभर झोपून. खरोखरच ताप आला. थर्मामीटर हिला दाखवलं. हिने डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

कपाटावरची सुटकेस काढताना हिला पुस्तक सापडलं. आधी पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं सांगावं लागलं, पेनवाल्यांपासून घड्याळवाल्यांपर्यंत. घड्याळवाल्यांपाशी ती हसायची थांबली.

सोमवार, १८ मार्च

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. टेबल आवरलं नाही. उरलंय काय.

पण त्या रागावल्या नव्हत्या. अप्पा काल स्वतःहून घड्याळवाल्यांकडे गेले, आज पुन्हा गेलेत. घड्याळवाल्यांची नजर अधू झालीय, अप्पा त्यांना सुटे भाग रंगांप्रमाणे, आकारांप्रमाणे डब्यांतून लावून देताहेत. रात्री जेवताना बोलतात. काल इतकं बोलले की जावई टेबलावरून उठून गेले. मॅडम म्हणाल्या, हे फक्त तुमच्यामुळे.

मी म्हणालो, त्यात काय, आपलीच दुकानं.

विचार करता त्यात तथ्य आहे. मी पाळत ठेवली नसती तर शटर अर्धं नसतं, शटर अर्धं नसतं तर अप्पा वाकून आत शिरले नसते. पुढच्या अंकासाठी दुसरा लेख सुचतोय. मॅडमना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, पुढच्या अंकात अप्पा लिहिणार आहेत. बटणांवर. तुम्ही शुद्धलेखन बघाल का?

बघीन म्हणालो.

शनिवार, २३ मार्च

सकाळी मॅडमचा फोन. घड्याळवाल्यांकडे जाताना मोठा चौक लागतो, तिथे वाहनं फार. एरवी ऑफिसला येताना त्या सोडतात, शनिवारी ते जमत नाही, तर अप्पांना तेवढं चौकापलीकडे नेऊन सोडाल का. जबाबदारीचं काम. सिग्नल, वेग, ब्रेक लागायला लागणारं अंतर, हा सगळा माझाच विषय. अप्पांना वाटेत समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला.

चौकात एक टेम्पो सिग्नल तोडून आला.

नंतर घड्याळवाल्यांच्या दुकानात गेलो. आत. पायऱ्या नाहीत, घंटी नाही, नुसतं एक पाऊल. दाराजवळच्या स्टुलावर बसलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. घड्याळवाले भिंग न काढता माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी अप्पांना विचारलं, यांना चहा चालतो का. अप्पा म्हणाले, चालतो, कमी गरम द्या. चहा आला. भिंग डोळ्यावरून निघालं तेव्हा कळलं, त्यांचा तो डोळा दुसऱ्याएवढाच लहान आहे.

चौकाबद्दल एवढंच नोंदवतो. आम्ही दोघे सुखरूप पलीकडे पोचलो. रस्ता ओलांडताना एकाने दुसऱ्याचा हात घट्ट धरला होता आणि पलीकडे गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही. कोणी कोणाचा, हे इथे लिहिण्याची गरज नाही.